भिंगरीच्या जीपचा रिमोट

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तो स्वतःसुद्धा चटकन वळून बघत नसे. उभ्या उभ्या जेवायचा, घरभर फिरत दात घासायचा, आणि पाहुणे आले की त्यांना बसायला सांगून स्वतः दारात जाऊन उभा राहायचा. तरुणपणी एका गोदामावर राखणदार म्हणून लागला होता. दिवसभर खुर्चीत बसायचं, एवढंच काम. कुणीही डोळे झाकून केलं असतं; हा मात्र आठवड्याच्या आत घरी परतला. "खुर्ची टोचते," म्हणाला. पुढे ट्रक चालवला. पण ट्रकलाही माल भरून होईपर्यंत थांबावं लागतंच, आणि थांबणं म्हटलं की हा ट्रकभोवती फेऱ्या मारू लागायचा.

शेवटी त्याने भंगारवाल्याकडून एक जुनी जीप उचलली. तिच्या पुढच्या बंपरवर विंच होती, म्हणजे बॅटरीवर फिरणारा ड्रम, त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला आकडा. वस्तीबाहेर डोंगरातून खाणीकडे जाणारा कच्चा रस्ता होता. तिथे कुणी ना कुणी कायम रुतलेलं, घसरलेलं, कलंडलेलं असायचंच. फोन वाजला की भिंगरी चपला पायात सरकवत निघालाच. हे काम मात्र त्याला मानवलं.

त्याची बायको नेमकी उलट. ती कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या थप्प्या कापायच्या मशीनवर होती. त्या पात्यापुढे घाई करणाऱ्याची बोटं शाबूत राहत नाहीत. तिची दहाही बोटं जागच्या जागी होती, यातच सगळं आलं. कारखाना बंद पडला तशी ती नवऱ्याबरोबर जीपमधून जाऊ लागली, आणि खाणीचे सगळे ड्रायव्हर तिला वहिनी म्हणू लागले.

विंच चालवायचा रिमोट वायरचा होता. वायरचं एक टोक बंपरजवळच्या डबीत खुपसायचं, दुसऱ्या टोकाला दोन बटणं. एकाने दोर आत, दुसऱ्याने बाहेर. वायर तोकडी होती, त्यामुळे बटण धरणाऱ्याला जीपच्या नाकाशीच उभं राहावं लागे, ताणलेल्या दोराच्या बाजूला. तिथून खालची गाडी धड दिसतही नसे. भिंगरी खाली चिखलात उभा राहून हातवारे करी आणि वहिनी ते बघून बटण दाबी.

एके दिवशी खडीचा टेम्पो ओढताना वहिनीने वरून तळहात दाखवला. थांबा. दोराचा आवाज तिला बरा वाटत नव्हता. त्यावर ओलं पोतंही टाकलेलं नव्हतं. पोतं असलं की तुटलेला दोर उसळत नाही, जागीच बसतो. पण पोतं आणायला जीपमागे जावं लागतं, आणि भिंगरीला तेवढा धीर कुठला? "ओढ गं, ओढ! आलाच आहे!" तो ओरडला. तिने बटण दाबलं. दोराचे पीळ तटातट तुटले, आकडा टेम्पोवरून निसटला आणि दोर चाबकासारखा मागे आला. आकडा वहिनीच्या खांद्यावरून गेला आणि जीपची पुढची काच फोडून सीटमध्ये रुतला.

वहिनीने आधी खांदा चाचपला. पदरावरचे काचेचे तुकडे झटकले, मग म्हणाली, "दुसरा दोर आहे ना? तो टेम्पोवाला ताटकळलाय."

पण भिंगरीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आधीच एका जागी न टिकणारा माणूस, आता तर नुसता सैरभैर झाला. घास तोंडात घेतला की चावायचं विसरायचा. बायको भांडी घासायला बसली तरी हा मागे उभा राहून तिच्या खांद्याकडे बघत राही.

"असे भूत बघितल्यासारखे काय बघता?" ती विचारी.

"काही नाही," म्हणून तो अंगणात निघून जाई आणि पुन्हा परत येई.

अखेर त्याने मेव्हण्याचं दुकान गाठलं. बायकोचा हा धाकटा भाऊ गाड्यांचं वायरिंग करायचा. "मला बिनवायरचा रिमोट बसवून दे. आजच्या आज."

"भावोजी, आधी बसा तरी."

"बसायला वेळ नाही."

मेव्हण्याने बाजारातून रिमोटचा संच आणला. हातात मावेल एवढा रिमोट आणि जीपमध्ये बसवायची एक छोटी डबी. डबीतून चार वायरी निघत होत्या. एक बॅटरीला, फ्यूजमधून. एक जीपच्या सांगाड्याला. आणि उरलेल्या दोन विंचच्या कंट्रोल बॉक्समधल्या त्या जागी, जिथे वायरच्या रिमोटची दोन बटणं जोडलेली होती. काम तसं सरळ. पण मेव्हणा इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, पाणी लागणार नाही अशी जागा शोधत होता, तोवर याने शेवटच्या दोन वायरी स्वतःच पिळून टाकल्या.

"दाबू का?"

"थांबा, मी बघतो कुठली वायर कुठे..."

याने दाबलंच. 'आत'चं बटण दाबलं आणि दोर भसाभसा बाहेर येऊन मेव्हण्याच्या पायांशी वेटोळी घालू लागला.

"वा! मागच्या जन्मी घोडा होतात का हो?" मेव्हणा कपाळाला हात लावून म्हणाला. त्याने वायरींची अदलाबदल केली, सांधे कथलाने पक्के केले, वर टेप गुंडाळली. जुना वायरचा रिमोटही चालू ठेवला. "आणि एक मेन स्विच बसवायला हवा. खिशात बटण दाबलं गेलं तर विंच फिरायला नको. उद्या आणतो."

"उद्याचं उद्या," भिंगरी म्हणाला आणि जीप घेऊन निघूनही गेला.

घरी येऊन त्याने रिमोट बायकोपुढे नाचवला. "आता तू घरी आराम कर. मी खाली उभा राहून माझं मीच ओढीन. तुला दोराजवळ यायलाच नको."

वहिनीने रिमोट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "बरं," म्हणाली. त्या एका शब्दात किती काय होतं, हे भिंगरीच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी खाणीवरून फोन आला. पाइप भरलेली पिकअप रस्त्याच्या कडेवरून मागे घसरली होती. मागची चाकं उतारावर, नाक वर, आणि ड्रायव्हर आत बसून ब्रेक दाबून धरलेला. भिंगरी एकटाच गेला. जीप उभी केली, चाकांना दगड लावले, आकडा अडकवला. ओलं पोतंही आठवणीने टाकलं. आणि मग रिमोट हातात घेऊन त्याचा संचार सुरू झाला. आता पिकअपच्या डाव्या अंगाला, आता उजव्या, आता वर दोराशी, पुन्हा खाली. चालता चालता बटण दाबायचं, पळता पळता सोडायचं. थांबा म्हणून तळहात दाखवणारं आज वर कुणीच नव्हतं.

सुट्या मुरमावरून त्याचा पाय सटकला. पडताना माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. याच्या मुठीत रिमोट होता. हा घसरत खाली चालला आणि वर विंच खुशाल ओढत राहिली. पिकअपचं नाक एकीकडे खेचलं गेलं, मागचं एक चाक अधांतरी झालं, पाइप खणाखण एका बाजूला गेले.

"अरे सोड! सोड! मारतोस काय मला!" ड्रायव्हर किंचाळला.

भिंगरीने मूठ उघडली. विंच थांबली. पिकअप तशीच तिरकी लटकत राहिली. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण घोट्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्याने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. जागच्या जागी बसून राहिला आणि बायकोला फोन लावला.

मेव्हण्याच्या स्कूटरवरून ती आली तोवर भिंगरीने तोंडाने त्या ड्रायव्हरला शंभर वेळा धीर दिला होता आणि मनातून स्वतःला शिव्या घातल्या होत्या.

"रिमोट?" तिने हात पुढे केला.

त्याने दिला. ती लगेच कामाला लागली नाही. आधी पिकअपभोवती फिरली, मग जीपजवळ गेली, मग थेट रस्त्याच्या वरच्या अंगाच्या दरडीवर चढली, दोरापासून चांगली लांब. तिथून ड्रम, दोर, चारही चाकं, सगळं एका नजरेत येत होतं. वायरच्या रिमोटने तिला तिथे कधीच उभं राहता आलं नसतं. गाडी आणखी कलंडू नये म्हणून तिने भावाला सांगून पिकअपचं वरच्या बाजूचं चाक पट्ट्याने झाडाला बांधवलं. मग ड्रायव्हरला हँडब्रेक ओढून वरच्या दाराने हळूच बाहेर यायला लावलं.

"आता ओढ ना!" खालून भिंगरी.

"बसा."

तिने बटण दाबलं, सोडलं. दोर ताठ झाला. ती थांबली, ऐकलं. पुन्हा थोडं दाबलं. भिंगरीला वाटलं आपलाच जीव त्या ड्रमवर गुंडाळला जातोय. त्याने मूठभर मुरूम उचलून पुन्हा खाली टाकला, पुन्हा उचलला. पण पिकअप सरळ झाली, मग मागची चाकं काठावर आली, आणि कुठेही हिसका न बसता ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने वर बघून हात जोडले.

वहिनी खाली उतरून नवऱ्याशेजारी बसली. त्याचा सुजलेला घोटा पाहिला.

"अगं, तुला काही होऊ नये म्हणूनच मी..." तो बोलता बोलता अडखळला. "त्या दिवशीचा तो आकडा डोळ्यांपुढून जातच नाही."

"माझ्याही जात नाही. पण मला घरी बसवताना विचारलंत का? कारखान्यातून गेले तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

भिंगरी मान खाली घालून बसला. त्याला पळून जावंसं वाटत होतं, पण पाय चालत नव्हता. "चुकलं माझं," तो अखेर म्हणाला. "रिमोट तुझ्याकडेच ठेव."

"ठेवणारच आहे."

मेव्हण्याने मेन स्विच बसवला. डॉक्टरांनी भिंगरीच्या पायाला प्लास्टर घातलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं, ते त्याला प्लास्टरपेक्षा जड गेलं. फोन यायचे काही थांबले नाहीत. तेव्हा वहिनीच जीप चालवायला शिकली. भिंगरी शेजारी बसून शिकवायचा.

"गिअर टाक. अगं टाक ना! मागचा हॉर्न देतोय!"

"देऊ दे," असं म्हणून ती आधी आरशात बघायची, मग गिअर टाकायची, आणि जीप आपल्या चालीने चढाला लागायची. भिंगरी एका हाताने दार गच्च धरून पुढचं वळण केव्हा येतंय ते बघत राहायचा.