ढिलं हेल्मेट

बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल आमच्या वैशाली नगरच्या घरी पोर्चमध्ये तशीच उभी राहिली. हँडल डावीकडे वळवून लॉक केलेलं, जसं त्यांनी ठेवलं होतं तसं. आईनं तिच्यावर जुनी चादर टाकली. दर रविवारी सकाळी ती चादर काढायची, गाडी पुसायची आणि समोर राहणाऱ्या भाडेकरूला हाक मारायची, "भैया, जरा गाड़ी चालू कर दो ना, बैटरी बैठ जाएगी."

तो यायचा, किक मारायचा. इंजिन थोडा वेळ धडधडत राहायचं. तेवढा वेळ आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी असायची. बॅटरीचं निमित्त होतं, तिला आवाज ऐकायचा होता. बाबा स्टील प्लांटमधून सुटून यायचे तेव्हा फाटकापाशी एकदा उगीचच रेस करायचे आणि त्या आवाजावर ती चहाचं आधण ठेवायची. ते निवृत्त झाले, दळणाला आणि भाजीला जाऊ लागले, तरी फाटकापाशी ती रेस सुटली नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आंघोळ करून आले, छातीत दुखून राहिलं म्हणाले, आणि ऑटो दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

परक्या माणसाचा पाय त्या किकवर पाहणं मला हळूहळू जड जाऊ लागलं. मी एकुलती एक मुलगी, लग्न केलेलं नाही, कुम्हारीच्या एका लहानशा शाळेत शिकवते. रोज बसनं जायची-यायची. एका रविवारी आई भैयाला हाक मारायला निघाली तर मी म्हटलं, "थांब. मी शिकते चालवायला."

"तुले जमन का?" आई म्हणाली. "भारी गाडी आहे ते. आणि गिअरची."

"स्कूटी येते मला."

"स्कूटी येगळी."

पण नको म्हणाली नाही. चादरीची घडी घातली आणि आत ठेवून आली. परत कधी गाडीवर टाकली नाही.

वैशाली नगरच्या गल्ल्यांत मी शिकले. क्लच सोडताना गाडी बंद पडायची, चढावर मागे सरकायची. लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकवता आठचा आकडा काढला आणि मला वाटलं, आली गाडी. डोक्यावर बाबांचंच हेल्मेट असायचं. काळं, काचेवर बारीक ओरखडे पडलेलं. आतल्या फोममध्ये त्यांच्या आवळ्याच्या तेलाचा वास इतका मुरला होता की काच खाली केली की मी त्यांच्या खोलीत बसल्यासारखी होत असे. ते मला मोठं व्हायचं. आत ओढणी दुमडून घालायची आणि पट्टा ओढून बांधायची. नवीन घ्यावं असं एकदाही मनात आलं नाही. खरं सांगायचं तर शाळेपर्यंतचा तो रस्ता मला त्या वासासाठीच हवा असायचा.

कुम्हारीजवळ हायवेवरून खाली उतरून शाळेकडे वळावं लागतं. त्या दिवशी कुठल्याशा डंपरमधून वळणावर रेती सांडली होती. मी जरा वेगात होते. वळणात शिरल्यावर रेती दिसली, आणि दिसल्याबरोबर उजव्या हातानं पुढचा ब्रेक घट्ट आवळला. पुढचं चाक खालून कुणी ओढून घ्यावं तसं निघून गेलं. पडताना काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा डावा पाय गाडीखाली होता, इंजिन चालूच होतं आणि मागचं चाक हवेत फिरत होतं. हेल्मेट मागे सरकून मानेवर आलं होतं, पट्टा गळ्यात रुतला होता, हनुवटी रस्त्यावर घासली होती.

रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली एक बाई धावत आली. तिनं आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं. दोन माणसांनी गाडी उचलली. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि इकडच्या बोलीत, फार लागलं का पोरी, असं विचारू लागली.

"जादा लागे हे का, नोनी?"

मी नाही म्हटलं. तिनं माझ्या तळहातातली रेती पाण्यानं धुतली, पदरानं हनुवटी टिपली. मी तिच्याकडे पाहतच नव्हते. मी टाकीकडे पाहत होते. बाबा ज्या टाकीवर कुणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नसत, तिच्या डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा पडला होता. तेव्हा मला रडू फुटलं. त्या बाईला वाटलं फार दुखतंय. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, "हो जाही, हो जाही," म्हणत, होईल बरं म्हणून.

हँडल वाकलं होतं. गाडी पंक्चरच्या दुकानाजवळ ठेवली, शाळेत निरोप पाठवला आणि बसनं घरी आले.

आईनं दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं. "गाडी कुठं आहे?"

मग तिचं लक्ष हनुवटीकडे गेलं. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं. कापूस आणला, हळद आणली. जखम सोडून ती आजूबाजूचंच पुसत राहिली, शेवटी कापूस मीच घेतला.

"कावून दिली मी तुले चावी," ती म्हणाली. "एक माणूस गेला घरातून. आता तुले कोणाच्या भरवशावर पाठवू मी रस्त्यावर?"

"आई, खरचटलंय फक्त."

"आज खरचटलं."

संध्याकाळी तिनंच काकांना फोन लावला. काका म्हणजे बाबांचे प्लांटमधले दोस्त. एकाच गावाकडचे, गोंदियाजवळचे, नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आलेले, एकाच शिफ्टमधले. वर्षानुवर्षं बाबांच्या मागे बसून ड्यूटीला गेलेले. ते दुसऱ्या दिवशी आले, ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी टेम्पोत घालून आणवली, हँडल सरळ करून घेतलं. टाकीच्या पोच्यावरून एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता रागावतील.

"हेल्मेट आण," ते म्हणाले.

मी आणलं. त्यांनी ते माझ्या डोक्यावर बसवलं, पट्टा बांधायला लावला आणि दोन्ही बाजूंनी धरून फिरवलं. हेल्मेट फिरलं, डोकं जागच्या जागी राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर काळोख आला.

"हे तुझ्या बापाच्या डोक्याचं आहे, बेटा. तुझ्या नाही."

मग त्यांनी ते काढून मागची बाजू खिडकीकडे धरली. केसासारखी एक भेग वरून खाली गेली होती. मला ती दिसलीच नव्हती.

"मार खाल्लेलं हेल्मेट परत डोक्यावर घालायचं नाही. आतून मेलेलं असते ते. त्याचं काम त्यानं केलं. आता फेकायचं, आणि फेकायच्या आधी पट्टा कापायचा. नाहीतर कोणी गरीब उचलून घालन, आणि त्याले वाटन आपलं डोकं सुरक्षित आहे."

आई दारात उभी होती. तिनं पुढे येऊन हेल्मेट त्यांच्या हातातून घेतलं आणि आत घेऊन गेली. काका चहा न घेता गेले.

ते हेल्मेट बरेच दिवस कपाटात होतं. मी पुन्हा बसनं जाऊ लागले. गाडी पोर्चमध्ये होती, पण रविवारी कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. घर फार गप्प झालं होतं.

एके दुपारी मी शाळेतून आले तर आई पलंगावर बसलेली. मांडीवर हेल्मेट, शेजारी स्वयंपाकघरातली कात्री. मी तिच्याजवळ बसले.

"सारी जिंदगी त्याईच्या मागं बसली मी," आई म्हणाली. "नागपूरपर्यंत गेलो आम्ही या गाडीवर. हेल्मेट त्याईच्याच डोक्यावर. माझं डोकं उघडं. त्याईनं कधी विचारलं नाही, आणि मलेही कधी वाटलं नाही का आपलंही डोकंच आहे म्हणून." ती जराशी हसली. "ट्राफिकवाला दिसला का मी पदर घेत होती डोक्यावर."

तिनं हेल्मेट तोंडाशी नेलं, डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ तशीच बसली. मग एक पट्टा कापला. कात्री बोथट होती, जाड पट्टा सहज कापला जाईना, ती करकर करत दाबत राहिली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मी करतो." दुसराही तिनंच कापला. वास असलेला तो फोम तिनं काढून ठेवला नाही. मी सुचवलं, तर म्हणाली, "नको. वास उडून जाईल आणि मंग नुसता फोम राहीन. ते मले पाहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं चावी माझ्या हातात दिली आणि काकांना बोलावलं. "शिकवा तिले," म्हणाली, "चालवणं नाही, न पडणं."

माझ्यासाठी नवं हेल्मेट घेतलं, गाल दाबून धरणारं. काकांनी ते फिरवून पाहिलं. या वेळी डोकंही फिरलं. मग रोज सकाळी प्लांटच्या टाउनशिपमधल्या एका रुंद, झाडांच्या, रिकाम्या रस्त्यावर ते मला शिकवू लागले. स्वतः गाडीवर बसले नाहीत. गुडघा दुखतो म्हणत, आणि एकदा म्हणाले, "या गाडीवर माझी जागा मागची. पुढं बसायले जीव होत नाही." ते कडेला उभे राहून ओरडायचे.

"दोन्ही ब्रेक सोबत! आवळू नको, दाबत ने!"

रस्त्यावर विटेचा तुकडा ठेवून मला त्याच्याकडे न पाहता बाजूनं जायला लावायचे. मी पाहायची आणि चाक नेमकं विटेवर जायचं. "नजर जिकडं, गाडी तिकडं. जिथं जायचं तिथं पाह्य." वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, वळणात शिरल्यावर पुढच्या ब्रेकला हात नाही, हे त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं की शेवटी हातच शिकला. हायवेवर ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज उतरला. प्लांटमधले त्यांचे काही सोबती त्याच रस्त्यावर अपघातात गेले होते.

एकदा आम्ही झाडाखाली दम खात बसलो होतो. काका म्हणाले, "तुझा बापही पडला होता. हीच गाडी, नवीनच घेतली होती. पावसात. मी मागं होतो. गुडघा फुटला त्याचा. घरी सांगितलं, प्लांटमधे लागलं म्हणून. मलेही शपथ घातली."

मला ते ऐकून विचित्र वाटलं. बाबा पडले असतील असं मला कधी सुचलंच नव्हतं. मला ते एकदम तरुण दिसले, रस्त्यावर बसलेले, गुडघा धरून, आणि मला त्यांना विचारायचं होतं, कसं झालं, भीती वाटली का. विचारायला ते नव्हते. इतक्या महिन्यांत त्यांची आठवण पुष्कळ आली होती, पण त्या सकाळी झाली तशी गैरसोय कधी झाली नव्हती. दुसरा शब्द मला सापडत नाही. एक साधा प्रश्न होता आणि तो ज्याला विचारायचा तो माणूसच नव्हता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"माहीत होतं मले," ती म्हणाली. "पँटीले डांबर लागलं होतं. प्लांटमधे कुठून येते डांबर?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्याईले वाटलं मी घाबरीन. मले वाटलं त्याईले लाज वाटन." तिनं चिरलेली भाजी पाण्यात टाकली. "मंग राहूनच गेलं ते."

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा कुम्हारीला गाडीनं जाऊ लागले. त्या वळणावर अजूनही मी इतकी हळू होते की मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. भाजीवाली बाई पहिल्या दिवशी दिसली तेव्हा हेल्मेटवर टिचकी मारून हसली.

आणि एका रविवारी आई म्हणाली, "मले ने सिविक सेंटरले." ती आणि बाबा रविवारी संध्याकाळी तिथल्या बाजारात जायचे, एक चक्कर मारायचे, काहीतरी खायचे, परत यायचे. मी तिच्यासाठी आधीच हेल्मेट आणून ठेवलं होतं, पण काढून दाखवायचा धीर झाला नव्हता. तिनं ते मुकाट्यानं घातलं. काकांनी सांगितलं होतं, एका बाजूला बसू द्यायचं नाही, म्हणून तिनं माझी सलवार-कमीज घातली आणि जन्मात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून गाडीवर बसली. शेजारणी पाहत होत्या. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. वळणावर मी झुकले की तीही तेवढीच झुकायची, न सांगता. तिचं अंग ही गाडी माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतं.

सिविक सेंटरला गाडी लावली. आई उतरेना. समोर हॉटेलाबाहेर माणसं खात उभी होती, मुलं धावत होती. ती हेल्मेट न काढता पाहत राहिली.

"उतरतेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "चल परत."

मी गाडी वळवली. वाटेत तिचा श्वास मला माझ्या पाठीवर जाणवत होता, मध्येच तुटणारा. मी आरशात पाहिलं नाही. नजर रस्त्यावर ठेवली.

फाटकापाशी ती उतरली, हेल्मेट काढलं, दाबलेले केस सारखे केले. डोळे सुजले होते.

"तू हळू चालवते," ती म्हणाली. "त्याईच्यापेक्षा फार हळू."

"मग? चुकतं का काही?"

"नाही गं. चांगलंच आहे." तिनं फाटकाची कडी काढली. "पण त्याईच्यासोबत घर लवकर येत होतं."

मी गाडी आत घेतली. ती चहा ठेवायला गेली.