आभारप्रदर्शनात घेतलेलं नाव

“पोलीस मुखवट्याच्या मागावर आहेत,” मिस्टर ब्रेडी म्हणाले. “तुमच्या नाही. तुमची खरी अडचण ही आहे.”

समोर बसलेले गृहस्थ केप टाउनहून आले होते. चाळिशीचे, सडपातळ, सुती कोट घातलेले. मी कोपऱ्यात बसून नोट्स घेत होते. ह्यूस्टनमधले इमिग्रेशन वकील मिस्टर ब्रेडी यांच्या ऑफिसात मी पॅरालीगल आहे. म्हणजे वकील नाही. क्लायंटचं बोलणं उतरवून घ्यायचं, फॉर्म टाइप करायचे, पुरावे लावून फाइल तयार करायची, हे माझं काम. त्यात बोलावं फारसं लागत नाही. म्हणून मला ते आवडतं.

या गृहस्थांना इथे इस्माईल बानकोटकर म्हणते. त्यांचं नाव, घरच्यांची नावं आणि गाव, सगळं बदललं आहे. लिहायला त्यांची परवानगी आहे.

आडनाव ऐकून मी फाइलवरून मान वर केली होती. त्यांचे आजोबा कोकणातून बोटीने केप टाउनला गेले आणि तिथेच राहिले. इस्माईल इंग्रजीच बोलत, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, “पानी दे गो.” आजीची एवढीच भाषा त्यांच्याकडे उरली होती. माझ्या भारतीय पासपोर्टवर छापलेलं होतं की तो साउथ आफ्रिकेसाठी चालत नाही. त्या देशाची माझी ओळख तेवढीच होती.

इस्माईल तिकडे एकपात्री प्रयोग करायचे. कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा घालायचा आणि तिथल्या वर्णभेदी सरकारातला एक मंत्री व्हायचं. हा मंत्री कुठल्याही गोष्टीला गोरी की काळी हे ठरवायला कमिटी नेमतो. प्रयोग चर्चच्या हॉलमध्ये, शाळांमध्ये चालायचे. जाहिरात नाही, कलाकाराचं नाव नाही. संपले की इस्माईल मागच्या दाराने बाहेर. पोलिसांनी दोन हॉलवर धाड घातली, एका हॉलच्या व्यवस्थापकाला आत टाकलं, मुखवट्यातला माणूस कोण म्हणून विचारलं. त्याला माहीतच नव्हतं. त्यानंतर इस्माईल एका कॉलेजच्या नाट्यमहोत्सवासाठी व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत आले. आता व्हिसा संपत आला होता आणि परत जायची भीती वाटत होती.

“असायलम म्हणजे आश्रय,” मिस्टर ब्रेडींनी त्यांना समजावलं. “तो मागायला भीती वाटून भागत नाही. भीतीला आधार लागतो. ऑफिसर विचारणार, तुमच्या सरकारला तुम्ही कोण हे ठाऊक आहे का? तुम्ही काय सांगणार?”

“नाही ठाऊक.”

“मग तो म्हणेल, जा घरी, मुखवटा कपाटात ठेवा आणि सुखाने राहा.”

“आणि मी गप्प बसू शकत नसेन तर?”

“ते फॉर्ममध्ये कुठे लिहायचं, मला माहीत नाही.”

सल्ला असा ठरला की व्हिसा वाढवून घ्यायचा, घाई करायची नाही, आणि कुठेही पैसे घेऊन प्रयोग करायचा नाही. व्हिजिटर व्हिसावर काम करणं म्हणजे आपल्याच हाताने केस बुडवणं. फुकट केला तर चालेल.

बाहेर वेटिंग रूममध्ये आमचे देशपांडेकाका बसले होते. ते एका तेल कंपनीत इंजिनिअर. इथल्या शुगर लँड उपनगराच्या आसपासच्या मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ आहे, त्याचे सेक्रेटरी. ते सिटिझन झाले तेव्हापासून नाशिकच्या धाकट्या भावाला इकडे आणायच्या मागे आहेत. सिटिझनला भावासाठी अर्ज करता येतो, मात्र नंबर लागायला वर्षानुवर्षं लागतात. काका अधूनमधून येऊन नंबर कुठवर आला ते विचारून जात.

मी कॉपी काढून बाहेर आले तर काका इस्माईलच्या शेजारी सरकून बसलेले.

“बानकोटकर? म्हणजे आपलेच की हो तुम्ही. वृंदा, सांगितलं नाहीस ते?”

मी नुसती हसले. ऑफिसात कोण येतं, कशासाठी येतं, हे मी घरी आईलाही सांगत नाही. तो आमच्या कामाचा पहिला नियम आहे. वकिलाला सांगितलेलं वकिलाच्या भिंतीबाहेर जात नाही. पण दोन माणसं वेटिंग रूममध्ये आपणहून बोलायला लागली, तर त्याला नियम नाही.

पुढच्या रविवारी इस्माईल काकांकडे जेवायला गेले. त्यानंतर जवळजवळ दर रविवारी जाऊ लागले. मॉटेलच्या खोलीत एकटे राहणारे गृहस्थ, आणि काकू आग्रह करून वाढणाऱ्या. काकांनी दिवाळीच्या कार्यक्रमात प्रयोग करायची गळ घातली. इस्माईलनी दोनच अटी घातल्या. मुखवटा काढणार नाही, आणि नाव कुठे छापायचं नाही.

“छापणार नाही, वचन,” काका म्हणाले. आणि त्यांनी ते पाळलं. कार्यक्रमपत्रिकेत फक्त ‘पाहुणे कलाकार’ असं होतं.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात झाला. आधी मुलांची गाणी, मग एकांकिका, मग इस्माईल. मी मागे चहाच्या टेबलापाशी होते. मुखवटा घालून ते पुढे आले आणि पहिल्या मिनिटात सगळे गप्प झाले. मंत्री समुद्रकिनाऱ्याची पाहणी करायला आलेला असतो. गोऱ्यांचा किनारा आणि इतरांचा किनारा यांच्यामध्ये पाण्यात दोर बांधलेला. एक लाट दोर ओलांडून येते. मंत्री तिला अडवतो, कागदपत्रं मागतो, येण्याचा हेतू विचारतो. लाट म्हणते, “साहेब, मी राहायला आलेच नाही. आले तशी परत जाते.” मंत्री म्हणतो, “सगळे असंच सांगतात.”

हॉल नुसता हसत सुटला. तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी व्हिसाच्या खिडकीसमोर उभं राहून तेच उत्तर दिलेलं होतं. जोशीकाकूंना तर ठसका लागला.

मग आभारप्रदर्शन. मराठी कार्यक्रम त्याशिवाय संपत नाही, हे वाचकांना सांगायला नको. काका माइकपाशी आले. समोर काही अमराठी पाहुणे होते, म्हणून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. समोशांसाठी पाटील वहिनी, माइकसाठी कुलकर्णी, हॉलसाठी प्रिन्सिपॉल. आणि मग म्हणाले:

“सर्वात शेवटी आपले पाहुणे. त्यांनी नाव सांगायचं नाही असं बजावलं आहे. हा त्यांचा विनय. पण घरच्या माणसाचे आभार नाव न घेता कसे मानायचे? मिस्टर इस्माईल बानकोटकर, केप टाउन. आणि यांच्याबरोबर आणखी एकांचे आभार मानायला हवेत, ते आज इथे नाहीत. यांचे थोरले बंधू युनूस. तिकडे सरकारी शाळेत हेडमास्तर आहेत. हे सगळे प्रयोग लिहितात ते. आज आपण जे हसलो, ते त्यांच्या लेखणीमुळे.”

टाळ्या पडल्या. मी इस्माईलकडे पाहिलं. मुखवटा अजून चेहऱ्यावर होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होते. ते टेबलाची कड धरून होते.

भावाबद्दल आम्हालाही माहीत नव्हतं. वकिलालासुद्धा त्यांनी ते सांगितलं नव्हतं. काकूंच्या डायनिंग टेबलावर, तिसऱ्या-चौथ्या रविवारी कधीतरी, काकांनी ‘भाऊ काय करतात’ म्हणून विचारलं होतं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं.

काकांचं अजून संपलं नव्हतं. “योगायोग असा की माझ्या कंपनीत जोहान्सबर्गहून ट्रेनिंगला आलेले एक सहकारी आज आपल्यात आहेत. मी त्यांना मुद्दाम आणलं. म्हटलं, परदेशात आपल्या गावचं माणूस भेटलं की किती बरं वाटतं. हेंड्रिक, प्लीज, उभे राहा.”

पहिल्या रांगेतून एक उंच गोरा तरुण उठला. लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

चहाच्या वेळी तो इस्माईलपाशी आला. फार सभ्यपणे हात पुढे केला.

“मजा आली,” तो म्हणाला. “तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. कुठली शाळा म्हणालात?”

“मी म्हणालो नाही,” इस्माईल म्हणाले.

“बरोबर,” तो हसला. “नाहीच म्हणालात.”

सोमवारी सकाळी मी मिस्टर ब्रेडींना सगळं सांगितलं. मला वाटलं ते संतापतील. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “म्हणजे आता तिकडच्या सरकारला नाव माहीत आहे.”

“हो.”

“वृंदा, या केसमध्ये आजवर झालेली ही सर्वात चांगली गोष्ट आहे.”

“चांगली?” मी विचारलं. ते थोड्या हळू आवाजात म्हणाले, “मी वकील म्हणून बोलतोय. त्यांना बोलाव. आणि त्या सेक्रेटरींनाही.”

दिवाळी संपायच्या आत केप टाउनहून भावजयीचा फोन आला. युनूसना चौकशीला नेलं होतं. काही दिवसांनी सोडलं, पण शाळेतून काढून टाकलं, सरकारी क्वार्टर खाली करायला लावलं, आणि गावाबाहेर जायला बंदी घातली. हेंड्रिकनेच कळवलं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो ट्रेनिंग संपवून गेला. हॉलमध्ये इतरही पाहुणे होते.

काका आले ते अॅफिडेव्हिट द्यायला. अॅफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहून दिलेलं निवेदन. मिस्टर ब्रेडींना त्यांचं भाषण शब्दशः हवं होतं. मी टाइपरायटरपाशी बसले. काका आधी जरा फणकाऱ्यातच होते.

“मी वाईट काय केलं, सांग. आभारच मानले ना? कोणाच्या पाठीमागे नाही बोललो. भर सभेत बोललो.”

“हो काका.”

“तो हेंड्रिक ऑफिसात इतका चांगला वागायचा. लंचला माझ्याबरोबर बसायचा. मला काय ठाऊक?”

“काका, आधी काय म्हणालात तुम्ही? सुरुवातीपासून सांगा.”

ते सांगू लागले. मी टाइप करत गेले. पाटील वहिनी, कुलकर्णी, प्रिन्सिपॉल. इस्माईलच्या नावापर्यंत ते ठीक होते. ‘थोरले बंधू’ म्हणाले आणि थांबले.

“पुढचं लिहिलंच पाहिजे का गं?”

“सर म्हणतात, तेच महत्त्वाचं आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “शाळेचं मीच ओघात बोलून गेलो. नुसतं ‘लेखक’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.” मग त्यांनी बाकीचं सांगितलं, अगदी हळू. सही करताना म्हणाले, “इस्माईल रविवारी येत नाही आता. ही दर रविवारी पोळ्या जास्त करते.”

फाइल तयार झाली. पुराव्यांना आम्ही एक्झिबिट म्हणतो आणि प्रत्येकावर एका अक्षराची चिठ्ठी लावतो. काकांचं निवेदन एक्झिबिट सी. युनूसना शाळेतून काढल्याचा कागद त्यांच्या बायकोने कसाबसा कॉपी करून पाठवला होता. तो एक्झिबिट डी. त्यावर चिठ्ठी चिकटवताना माझा हात थांबला. मिस्टर ब्रेडी दारात उभे होते.

“हे वाईट झालं,” ते म्हणाले. “पण पुरावाही आहे. दोन्ही खरं आहे. चिठ्ठी लाव.”

इंटरव्ह्यूला मी बरोबर होते. ऑफिसर मध्यमवयीन बाई होत्या. एक्झिबिट डी त्यांनी दोनदा वाचला.

“तुमच्या भावाला काढलं ते तुमच्यामुळे?”

इस्माईल म्हणाले, “माझ्यामुळे. मी जेवताना बोललो.”

बाईंना ते कळलं नाही. मिस्टर ब्रेडींनी विषय पुढे नेला. मग अर्ज रीतीप्रमाणे वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या मतासाठी गेला आणि बऱ्याच महिन्यांनी मंजूर होऊन आला.

इस्माईल कागद घ्यायला ऑफिसात आले. मी अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “आता युनूसला कधी आणता येईल?”

उत्तर मला द्यायचं नव्हतं, पण मिस्टर ब्रेडी कोर्टात होते. मी सांगितलं. असायलम मिळालेल्या माणसाला बायको आणि लहान मुलं आणता येतात. भाऊ नाही. भावासाठी आधी तुम्हाला ग्रीन कार्ड, मग सिटिझनशिप, मग अर्ज, मग रांग.

“मला बायको नाही,” ते म्हणाले. “मुलं नाहीत. मला भाऊ आहे.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत आहे, त्या बाईंना माहीत आहे, पोलिसांना माहीत आहे. तरी नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

ते कागद घेऊन गेले. आता एका हायस्कूलमध्ये नाटकाचा वर्ग घेतात. प्रयोग करत नाहीत. लिहिणारा आता लिहीत नाही, म्हणतात. युनूस एका नातेवाइकाच्या दुकानात शाळेचे गणवेश विकतात.

आमच्या फॉर्ममध्ये अर्जदाराचं नाव विचारतात, मग आईवडील, बायको, मुलं. धोक्यात आणखी कोण आहे, हे विचारायला रकाना नाही. हल्ली नवा क्लायंट आला की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, “तिकडे मागे कोण कोण आहे?” ते सांगतात. मी ऐकून घेते, लिहीत नाही. मग त्यांना सांगते की ही नावं माझ्यासमोरही पुन्हा घेऊ नका. काही जण दुखावतात. मी मुद्दाम परकेपणाने वागते असं त्यांना वाटतं. वाटू दे.