क्रमांक चौदा : इंजिनवाली नवरी

धुळ्याच्या एका अहिराणी बँडची प्रसिद्ध न झालेली गाणी मी गेली काही वर्षं गोळा करतो आहे. यादीत सध्या एकतीस गाणी आहेत. बहुतेक एकेका हळदीसाठी केलेली. नवरा-नवरीची नावं, गावं, मामांचे मान गुंफायचे, रेकॉर्ड करायचं, हळदीच्या दिवशी डीजेवर वाजवायचं आणि विसरायचं. चाल चांगली असली तर बँड पुढे नावं काढून ती आपल्या चॅनलवर टाकतो. नावं गेली की गाण्यातला जीव जातो, असं माझं मत आहे. म्हणून ही यादी. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. प्रत्येक नोंदीत नवरा-नवरीची नावं, गावं, गाणं कोणी गायलं, कुठे वाजलं आणि मी कोणाकडे ऐकलं, एवढंच लिहितो. बँडच्या चाहत्यांत ही यादी व्हॉट्सॲपवर फिरते.

क्रमांक चौदा कुठेच वाजलं नाही. बँडच्या बँजोवाल्याने ते मला मेमरी कार्डावर दिलं. नवरी शिंदखेडा तालुक्यातली, भुसावळला रेल्वेत सहायक लोको पायलट. धृपद होतं, ‘नवरी उनी इंजिन लई’, म्हणजे नवरी इंजिन घेऊन आली. लग्नाच्या आठवडाभर आधी मुलाकडच्यांनी गाणं ऐकलं आणि ती ओळ बदलायला लावली. बँडने गाण्यातल्या नवरीला इंजिनाऐवजी डोलीत बसवलं. मुलीने कळवलं, इंजिन परत आणा. त्या बोलाचालीत तिला कळलं की लग्नानंतर तिने नोकरी सोडायची, हे तिच्यामागे ठरून गेलं होतं. तिने लग्न मोडलं. डोलीचं गाणं चॅनलवर आलं आणि आजही गावोगावच्या हळदीत वाजतं.

गेल्या वर्षी सोनगीरहून मुलाच्या काकांचा फोन आला. बोलणं सभ्य होतं. मुलाचं दुसरीकडे लग्न झालं आहे, नोंद काढावी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी म्हणाले, “भाऊ, दोन्ही घरनी अब्रूना सवाल शे.” दोन दिवसांनी बँडमालकानेही तेच सांगितलं, असल्या यादीने लग्नाच्या ऑर्डरी जातात. छापलेलं काही काढायचं तर दुसऱ्या बाजूला विचारायचं, ही माझी जुनी सवय. मी भुसावळला गेलो.

रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये तिने चहा दिला. यादी तिने पाहिलीच नव्हती. मी फोनवर नोंद दाखवली. तीत दोघांची नावं होती. तिने दोनदा वाचलं.

“म्हणजे नाना, तुम्ही पण मला विचारलं नव्हतं.”

नव्हतं. बँजोवाल्याला विचारलं, गायकाला विचारलं. जिच्यावर गाणं आहे तिला विचारायचं सुचलं नाही. मी तसं कबूल केलं आणि नोंद काढतो म्हणालो. काका म्हणतात तसं दोन्ही घरांच्या अब्रूसाठी.

त्यावर ती हसली. मग आईशी बोलावं तशी अहिराणीत म्हणाली, “त्यासनं नाव काढी टाका. मनं ऱ्हाऊ द्या. इंजिन मनं शे.” मनं म्हणजे माझं.

गाणं तिच्या फोनवर होतंच. ड्युटीवरून आल्यावर कधीतरी लावते, म्हणाली. मला पूर्ण ऐकवलं. मेमरी कार्डावर नसलेलं तिसरं कडवं त्यात होतं.

परतल्यावर काकांना फोन करून सांगितलं की मुलाचं नाव आणि गाव काढलं आहे, गाणं काढणार नाही. ते बराच वेळ बोलले. मी ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. बँडमालकाने मला त्यांच्या ग्रुपमधून काढलं. बत्तिसावं गाणं आता मला दुसरीकडून मिळवावं लागेल.

माझ्याकडची प्रत मी पुसली. सुधारलेली नोंद अशी आहे, त्यातलं तिचं नाव तेवढं इथे देत नाही : ‘क्रमांक चौदा. अप्रकाशित. कडवी तीन. चॅनलवरचं डोलीचं गाणं ही याची बदललेली प्रत, मूळ हेच. एकमेव पूर्ण प्रत नवरीकडे. ऐकायचं असेल तर तिला विचारावं. ती नाही म्हणाली, तर नाही.’