उतरेलकाकू

उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या मुद्दाम वाढवत. दुकानात वस्तू हातात घेतली की आधी ते नख सेलच्या लाल स्टिकरच्या कोपऱ्याखाली जाई आणि स्टिकर अलगद उचललं जाई. खाली जुनं स्टिकर असे, आणि पुष्कळदा त्यावरची किंमत कमी असे. ती मला दाखवून काकू वरचं स्टिकर नीट चिकटवत आणि वस्तू जागेवर ठेवून देत. "थांबा," त्या म्हणत, "उतरेल."

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहत, आम्ही बरोबर त्यांच्या वर. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण बोलण्यात त्या उतरेलकाकूच. मलाही आकड्यांची खोड, म्हणून हायवेलगतच्या मोठ्या दुकानात आम्ही बरोबर जायचो. एकावर एक फुकट मिळणाऱ्या साबणाची वडी पंचवीस ग्रॅमने लहान झाली आहे, हे मी दाखवून दिलं की काकूंना कोण आनंद! माझी बायको म्हणे, "तुम्ही दोघं आत शिरलात की सेल्समन डबा खायला पळतात."

भाव खालीवर होतात, ही त्यांची तक्रार नव्हती. जुन्या पनवेलच्या मच्छीबाजारात त्या ऊन चढेपर्यंत थांबत. त्यांची ठरलेली कोळीण लांबूनच ओरडे, "आली माझी साडेसाती! काकू, आज भाव नाय उतरायचा. बर्फ हाय माझ्याकडं."

"बर्फ वितळतो गं," असं म्हणून काकू तिच्या पाटीशेजारीच बसत. शेवटी दोघी हसत आणि भाव उतरे. एकदा परतताना त्या मला म्हणाल्या, "हिचा भाव ऊन बघून उतरतो, ते मला दिसतं. त्या दुकानातला कशानं चढतो नि कशानं उतरतो, सांगा बघू?"



त्यांना कपडे धुण्याचं मशीन हवं होतं. सांधेदुखीनं बोटं वाकडी झाली होती. चादर पिळताना त्यांचं "आई गं" वर आमच्या बाल्कनीत ऐकू येई. काका म्हणत, "घेऊन टाकू. पेन्शन कशासाठी आहे?" काकू म्हणत, "सात हजारांच्या आत येऊ दे."

मे महिन्यात त्या मोठ्या दुकानात काकूंनी हेरलेल्या मशीनवर ८,९९० खोडून ७,४९० लिहिलेलं होतं. पंधरा ऑगस्टच्या ऑफरमध्ये आम्ही गेलो, तर १०,४९० खोडून ७,९९०. म्हणजे सूट हजारानं वाढली होती आणि मशीन पाचशेनं महागलं होतं. काकू पाटीसमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"अहो, खोडलेला आकडासुद्धा वाढतो?"

सेल्समन म्हणाला, "काकू, सूट बघा ना! अडीच हजार!"

"सूट काय अंगात घालू?"

तोही हसला. पण काकूंचं नख पाटीच्या कडेवरून पुढेमागे फिरत राहिलं. पाटी पुठ्ठ्याची होती, खाली काही नव्हतं.

गणपतीत ७,२९० झालं. त्या दिवशी काका पैसे खिशात घालूनच आले होते. "आज घेऊ या गं." काकूंनी त्यांचा हात धरला. "थांबा. उतरतोय, अजून उतरेल." विसर्जन झाल्यावर गेलो तेव्हा पाटीवर ८,४९० होतं. काकूंनी सेल्समनला घरचा नंबर दिला आणि सातच्या आत आलं की कळवायला सांगितलं.  सोसायटीच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "मला बघून चढवतात हो."

नवरात्रात त्यांना ताप आला. माझी बायको खाली गेली. "काकू, डॉक्टरकडे चला." "थांब गं, गोळी घेतलीय. उतरेल." आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच उतरला. मी कामावरून आलो तेव्हा त्या मागच्या मोरीत बादलीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी साबणाचा हात वर केला. "बघा, उतरला की नाही?"

संध्याकाळी पुन्हा चढला. सकाळी कमी, रात्री जास्त. आम्ही डॉक्टरांचं नाव काढलं की काकू म्हणत, "आता त्याची रीत कळलीय मला. आज चढलाय, उद्या उतरेल." काका त्यांचं ऐकत आले होते, याही वेळी त्यांनी ऐकलं. काकूंना उभं राहता येईना तेव्हा काकांनी आणि मी उचलून रिक्षात बसवलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. काकू परत आल्या नाहीत.

आमच्या घरात तेव्हापासून ताप 'कमी होतो'. दुसरा शब्द कुणी वापरत नाही. मुलगी एकदा चुकून बोलून गेली आणि आम्ही तिघंही खालच्या मजल्याचा आवाज ऐकत असल्यासारखे गप्प झालो.

दिवाळीच्या तोंडावर मी काकांजवळ बसलो होतो. फोन वाजला, काकांनी उठून घेतला. फोनमधला आवाज एवढा खणखणीत होता की मलाही ऐकू आला. त्या दुकानातला सेल्समन होता.

"किती?" काकांनी विचारलं.

मग रिसीव्हर कानापासून दूर करून ते मागच्या मोरीकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, उतरला. सहा हजार नऊशे नव्वद."

ते तसेच उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्यांच्या हातातल्या रिसीव्हरमधून सेल्समन विचारत होता, "काकू आहेत ना? त्यांना सांगा, आता थांबू नका. ऑफर आजच्यापुरतीच आहे."