कॅसेट भरणारे साडूभाऊ

निरुपयोगी माणसं जगात काही कमी नाहीत. मी स्वतः पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली असल्यामुळे या विषयातला माझा अधिकार कोणी नाकारणार नाही. पण निरुपयोगीपणाला अफाट कष्टांची जोड देणारा माणूस मी उभ्या खानदेशात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघावा हे माझं नशीब. हे गृहस्थ म्हणजे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते धुळ्याला असतात, मी जळगावात पिंप्राळ्याला. मध्ये नव्वदेक किलोमीटरचं अंतर आहे, आणि ते ठेवल्याबद्दल परमेश्वराचे मी वेळोवेळी आभार मानत आलो आहे.

साडूभाऊंचं धुळ्यात मोटारी भरण्याचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या भाषेत दुसरं क्रियापदच उरलं नाही. घड्याळात सेल घातला की घड्याळ भरलं, चष्म्याची काच बदलली की चष्मा भरला. थोरल्या मुलीचं लग्न जमलं तेव्हा "चला, हिचंही भरलं एकदाचं" असं ते चारचौघांत म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे. पुढे हात कापायला लागले आणि दुकान बंद झालं. अशा वेळी शहाणा माणूस सकाळी फिरायला जातो, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून सुनांची उणीदुणी काढतो. यांनी जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भरायला घेतल्या.

तरुण वाचकांसाठी सांगतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीला एक डबडं जोडत आणि त्यात प्लास्टिकची एक जाडसर वडी खुपसत. मग पडद्यावर रणगाडे धावत, बदकं उडत आणि घरातली मुलं अभ्यासातून उठत. त्या वडीला आपण सगळे कॅसेटच म्हणायचो. तिच्यात फीत नसते, एक चिप असते, आणि ती चिपही माणसासारखी म्हातारी होते. ती मरण्याआधी तिच्या पोटातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायचं, याला जग बॅकअप म्हणतं. साडूभाऊ म्हणतात, कॅसेट भरणं. वास्तविक हे भरणं नव्हे, उपसणं आहे. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. "दादा, इकडून रिकामं म्हणजे तिकडून भरलंच ना?" एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. भाषेचे धडे घेणाऱ्यांतला हा माणूस नव्हे.

या कॅसेटी मिळवायला ते कुठे जात नाहीत ते विचारा. भंगारवाल्याच्या हातगाडीमागे ते असे चालतात की लोकांना वाटावं दोघांची भागीदारी आहे. सावद्याला एका लग्नात पंगत बसली, वरण-बट्टी वाढली गेली, आणि यांचं पान रिकामं. दोन्ही बहिणी कासावीस. शेवटी यजमानांच्या घराच्या माळ्यावरून खोकल्याचा आवाज आला. नव्या कोऱ्या सफारीवर कोळ्याची जाळी घेऊन साडूभाऊ शिडीवरून उतरले. त्यांच्या काखेत बुटांचं एक खोकं होतं आणि खोक्यात अकरा कॅसेटी. वरपक्षाला वाटलं, वधूपक्षाचा माणूस माळे तपासतोय. त्यांची समजूत घालताना माझी बट्टी थंड झाली, ती मी अजून विसरलेलो नाही.

त्या अकरांतली एक कॅसेट 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकत्र' अशी होती. ही शुद्ध थाप असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आत सहा-सात खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. साडूभाऊ मात्र एकपासून सुरुवात करून प्रत्येक क्रमांक उघडून बघत बसले. किती दिवस? पावसाळा संपला आणि कपाशी वेचायला आली, एवढे दिवस. शेवटी मला फोन आला, "दादा, खेळ सातच आहेत." मी म्हटलं, "हे मी तुम्हाला लग्नातच सांगितलं होतं." तर म्हणतात, "तुम्ही सांगितलं होतं. मी बघितलं." आणि बघून झाल्यावरही त्यांनी ती सगळीच्या सगळी उतरवून ठेवली. एरवी ते आपलं शहरी मराठी बोलतात, पण कॅसेटपायी हळवे झाले की अहिराणीवर उतरतात. "जग बुडी गयं तरी चालई, पन हाई भरेल पाहिजे!"

फुंकर हा त्यांचा जन्माचा वैरी. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा आपल्या सगळ्यांचा त्या काळचा रामबाण उपाय. साडूभाऊंच्या मते तोंडातली वाफ आत जाऊन कॅसेटच्या टोकाचे पितळी दात गंजतात आणि कॅसेट मरते ती आपल्याच श्वासाने. समोर कोणी चहावर फुंकर मारली तरी ते दचकून वर बघतात. त्यांच्या टेबलाशी बसलेला माणूस तोंड मिटून बसतो, आणि एका दृष्टीने माझ्यासारख्या बडबड्यावर हा चांगलाच उपाय होता असं माझी बायको म्हणते.

आता या सगळ्या खुळाला कारण होते आमचे सासरे. आबा फैजपूरचे. साऱ्या हयातीत केळीशिवाय दुसरा विषय त्यांनी तोंडातून काढला नाही. गुडघे गेले आणि मळ्यात जाणं सुटलं, तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. दोघी लेकी रडकुंडीला आल्या. मी सासऱ्यांना धीर देणारी चार वाक्यं ऐकवली. साडूभाऊंनी काही ऐकवलं नाही. त्यांच्या दुकानाशेजारच्या गादीवाल्या चाचांच्या मुलाने दुबईहून फार वर्षांपूर्वी एक हातात धरून खेळायचा खेळ आणला होता, तो ते मागून घेऊन आले. त्यातल्या कॅसेटमध्ये शेती होती. टोपीवाला एक इवलासा माणूस जमीन खणतो, बी टाकतो, झारीने पाणी घालतो. मी पोट धरून हसलो. आबांनी मात्र आठ दिवसांत भिंतीकडची कूस बदलली.

आबांची त्या खेळातली शेती हा स्वतंत्र विषय आहे. कोबी लावतानासुद्धा ते केळीसारखा दोन रोपांमध्ये एक चौकोन मोकळा सोडायचे. "आबा, हा कोबी आहे," म्हटलं तर म्हणत, "हाताले सवय केयीची हाये." त्या खेळात एक अट होती. टोपीवाल्याला घरी नेऊन झोपवलं, तरच दिवसभराचं काम कॅसेटमध्ये टिकायचं. आबांना ते मुळीच पटेना. "जावईबापू, दिवस डोक्यावर हाये, अन मी कसाले झोपू?" त्यामुळे तीनदा त्यांची सगळी मशागत वाया गेली आणि तिन्ही वेळा त्यांनी ती निमूट पहिल्यापासून केली. शेवटी साडूभाऊ दर रविवारी धुळ्याहून फैजपूरला यायचे, ते केवळ टोपीवाल्याला झोपवायला. माणूस जिवंत माणसांसाठी एवढा प्रवास करत नाही.

आबा गेले. मळ्याची वाटणी झाली, मेहुण्यांनी तिथे प्लॉट पाडले, आणि आबांच्या हातची म्हणावी अशी जमीन राहिली ती त्या कॅसेटमध्ये. कॅसेटमधली शेती राखतो तो आतला नाण्याएवढा सेल. तो वीस-पंचवीस वर्षांचा झालेला. तो संपला की शेत गेलं. आबांच्या वर्षश्राद्धाला ते शेत बघायचं, असं दोघी बहिणींनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की सावद्याचा माळा, भंगारवाला, ते नऊ हजार खेळ, हा सगळा या गृहस्थाचा सराव होता. शेकडो कॅसेटी त्यांनी भरल्या आणि हीच एक भरायची हिंमत त्यांना होत नव्हती.

अखेर एका रविवारी त्यांनी मला धुळ्याला बोलावलं. कॅसेट वाचायच्या यंत्राची खाच ढिली होती, कॅसेट दोन्ही हातांनी एका विशिष्ट कोनात दाबून धरावी लागे, आणि हात कापत असले तरी ती दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. म्हणून बटण मी दाबायचं ठरलं. आतल्या खोलीत दोघी बहिणी आबांचा फोटो पुसत बसल्या होत्या. पडद्यावर इंग्रजीत दोन चौकटी होत्या, एक बॅकअप, दुसरी रिस्टोअर.  साडूभाऊंनी कॅसेट दाबून धरली आणि ते ओरडले, "दादा, भरा आते! कॅसेट भरा!"

आता मला इंग्रजी येतं, मराठीही येतं, हीच भानगड झाली. आमच्या तरुणपणी कॅसेट भरून घेणं म्हणजे दुकानात जाऊन तिच्यावर गाणी उतरवून घेणं. कॅसेट भरा म्हणजे कॅसेटमध्ये भरा. मी रिस्टोअर दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, आधीचं पुसलं जाईल, चालेल का? कचेरीत जन्मभर अशा प्रश्नांवर मी न वाचता सही करत आलो होतो. मी हो म्हणालो. आदल्या दिवशी सरावाला घेतलेल्या कुठल्याशा कॅसेटची रिकामी फाइल आबांच्या शेतावरून फिरली. खेळ सुरू करून पाहिला, तर पडद्यावर तण माजलेली कोरी जमीन, आणि टोपीवाल्याला नावसुद्धा नव्हतं.

मी आयुष्यात अनेक चुका केल्या आणि त्यांतल्या बहुतेक दुसऱ्यांच्या नावावर टाकल्या. ही टाकायला जागा नव्हती. साडूभाऊ माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या. धाकटीने विचारलं, "काय हो, काय झालं?" जो माणूस नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा खात्री केल्याशिवाय सात म्हणाला नाही, तो शांतपणे म्हणाला, "बठ्ठं भरायनं. काही काळजी नही." सगळं भरलं म्हणे! त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ते वयाने लहान आहेत म्हणून राहिलं, एवढंच.

मग जे सुरू झालं ते सांगायला मला लाज वाटते. मोटारीच्या तारा कशा गुंडाळायच्या याच्या आकृत्या काढायची साडूभाऊंची एक जाड वही होती. तिच्याच एका पानावर त्यांनी आबांचं शेत काढून ठेवलं होतं, रोपन् रोप. हात कापत असल्यामुळे त्यांना झारी धरवेना, म्हणून खेळ माझ्याकडे आला. रोज दुपारी पिंप्राळ्याच्या घरी मी पेपर उभा धरून त्याच्या आड नांगरत असे, आणि फोनवरून साडूभाऊ सांगत, "सातवी ओळ. एक लावा, एक सोडा. तळ्याकडे सरका, दादा, आणखी थोडं." टोपीवाल्याला झोपवायला विसरलो की पहिल्यापासून. या माणसाला मी वेडा म्हणत होतो आणि आता माझं दुपारचं जेवण कोबीला पाणी घालून झाल्यावर होऊ लागलं.

शेत तयार झालं तेव्हा आम्ही ते कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. या खेपेला मी बटणावरचा शब्द तीनदा मोठ्याने वाचला. फाइलला त्यांनी 'आबा' असं नाव दिलं. मला ते गिळवेना. मी म्हणालो, "साडूभाऊ, हे खोटं आहे हो. आबांचं यात काय राहिलं?" ते वही मिटत म्हणाले, "मोटारीतली तार बठ्ठी नवी घालतो मी, दादा. शेतकरी नेताना माझी मोटार म्हणूनच नेतो ना?" 

वर्षश्राद्धाला फैजपूरला जेवणं आटोपल्यावर दोघी बहिणी खाटेवर बसल्या आणि खेळ मधे धरला. धाकटीने टोपीवाल्यावरून बोट फिरवलं आणि डोळ्याला पदर लावला. साडूभाऊ लांब भिंतीशी हात मागे बांधून उभे होते. माझ्या बायकोने पुष्कळ वेळ बघितलं आणि खेळ माझ्या पिशवीत ठेवला.

परतीच्या बसने यावल मागे टाकलं. मग खिडकीबाहेर बघत बायको म्हणाली, "आबांची ओळ इतकी सरळ कधीच नव्हती."

 सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"काही सांगू नका," ती म्हणाली. "आणि मला कळलंय हे तिकडे धुळ्यालाही कळू देऊ नका. फार जीव लावून केलंय त्यांनी." थोड्या वेळाने तिने पिशवी माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली. "पाणी घातलंत का आज?"

गडबडीत राहून गेलं होतं. तिने खेळ बाहेर काढला, चष्मा लावला आणि झारी कुठल्या बटणावर आहे ते मला विचारलं.