राब गुरुवारीच विझला होता

तात्याबा रोकडे अठरा वर्षं इस्लामपुरात लोकांची घरं बांधत होता. कामगारांच्या चाळी, एका डॉक्टरांचा दुमजली बंगला, शाळेची कुंपणं. त्यानं ओळंबा धरला की मुकादम पुन्हा तपासायला येत नसे. त्याचं स्वतःचं घर मात्र पाटण तालुक्यातल्या डोंगरावर, खडकमाचीत होतं. कारवीचे कूड, वर गवताचं छप्पर. दर वर्षी म्हणायचा, "यंदा चार दगडाच्या भिंती घालतो." बायको राहीबाई म्हणायची, "घाला. लोकांच्या झाल्या की घाला."

खडकमाची एकतीस उंबऱ्यांची. अठ्ठावीस घरं मराठ्यांची, तीन बौद्धांची. ही तीन खाली, ओढ्याच्या अंगाला, त्यातलंच एक तात्याबाचं.

१९९४ साली शिमग्याला तात्याबा आठ दिवसांची रजा काढून आला. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पालापाचोळा नि शेण पसरून जाळायचं असतं, त्याला राब म्हणतात. बाकीची माणसं राब वैशाखात भाजतात, पण तात्याबाला तेव्हा रजा मिळणार नव्हती. म्हणून गुरुवारी सकाळी त्यानं ओढ्याकाठचा आपला वाफा भाजला. आग बांधाबाहेर गेली नाही. दिवस मावळायच्या आत राहीबाईनं तीन घागरी पाणी ओतलं आणि तात्याबानं राखेत हात घालून बघितलं. राख गार होती.

शनिवारी दुपारी वणवा आला.

निम्मी वाडी खालच्या गावात लग्नाला गेली होती. तात्याबा पडवीत बसून दावं वळत होता. आधी वास आला, मग ओढ्याच्या घळीतून धूर वर चढला, आणि बघता बघता कमरेएवढ्या वाळल्या गवतातून जाळ धावत आला. पश्चिमेचा वारा असा भणाणत होता, की एका छपराची पेटती काडी तिसऱ्या छपरावर जाऊन पडायची. ओढा आटलेला, पाणी घरातल्या घागरींतलं तेवढंच. माणसांनी ओले गोणपाट आपटून बघितले, मग पोरंबाळं उचलली आणि वरच्या कातळावर पळाली. तिथून सगळ्यांनी आपापलं घर जळताना बघितलं. दोन तासांत एकतीसच्या एकतीस घरं बसली. अकरा जनावरं गेली. आणि भाऊसो शेलाराचा बाप नानासो, वर्षभर अंथरुणाला खिळलेला म्हातारा, आतच राहिला.

सरकारनं डोंगराच्या पायथ्याला शाळेजवळ पत्र्याची शेड टाकून दिली. एकतीस कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. भांडीकुंडी सगळ्यांचीच गेलेली, त्यामुळं पहिले दोन महिने जेवण एकाच मोठ्या पातेल्यात शिजायचं आणि सगळी एकाच पंगतीला बसायची. रोकड्यांच्या ताटात शेलारांची सून भात वाढायची. राहीबाई तात्याबाला हळूच म्हणाली, "हे बघाय घर जळायला लागलं व्हय?"

पंचनाम्याला तलाठी आला. खुर्चीवर बसून त्यानं विचारलं, "आग लागली कशी?"

तात्याबाला दिसलं, की चार-पाच नजरा त्याच्याकडं वळल्या आणि लगेच खाली गेल्या. वाडीचे कारभारी हंबीरराव शेलार, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, घसा खाकरून म्हणाले, "वणवा हाय. ल्ह्या, वणवा म्हणून. वणव्याला कोन नाव-गाव इचारतं?"

तलाठ्यानं लिहून घेतलं. तात्याबाच्या तोंडात शब्द आले होते. माझा राब गुरुवारीच विझला होता. पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगावं, तर चोराच्या मनात चांदणं. गप्प राहावं, तर गप्प का राहिला? त्यानं शब्द गिळले, आणि ते घशातच अडकून बसले.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. तो पाण्याच्या टाकीपाशी गेला की बोलणं थांबायचं. कोणी म्हणायचं, "आग घळीतनंच वर आली बाबा," आणि पुढचं वाक्य बोलायचं नाही. घळीत वाफा कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक. भाऊसो तर त्याच्याकडं बघायचाच नाही. बापाचे दिवस घातले तेव्हा तात्याबा जाऊन बसला. भाऊसोनं सगळ्यांना हात जोडले आणि तात्याबापाशी येऊन हात सोडले.

मे महिन्यात मुकादमाचा निरोप आला. काम अडलंय, आठवड्यात ये, न्हाईतर दुसरा गवंडी बघतो. तात्याबानं थापी, ओळंबा, रंधा पिशवीत भरले आणि सकाळी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. तिथं भाऊसो उकिडवा बसलेला. तात्याबानं पिशवी खाली ठेवली. मग भाऊसो रस्त्यालाच सांगितल्यासारखं बोलला.

"निघालासा? जावा की. तुमचं काय, तुमचं तिकडं हाय. हितं जळलेलं बघाय आमी हावच."

गाडी आली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "चला, चला." तात्याबाचा पाय उचलेना. आज गाडीत बसलो, की उद्या वाडी एका तोंडानं म्हणणार, पळाला. मग राब गुरुवारी विझला होता, हे कधीच कोणी ऐकणार नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

राहीबाईनं त्याला पिशवी घेऊन परत येताना बघितलं. "आवं, परत का आलासा?"

"गाडीला गर्दी हुती."

"गर्दी? सकाळच्या ह्या गाडीला?" ती म्हणाली, पण पुढं विचारलं नाही.

जूनमध्ये पुण्याची एक संस्था आली. सिमेंट आणि पत्रे देतो म्हणाली, दगड डोंगरातला काढा, मजुरी तुमची तुम्ही करा. वर खडकमाचीतच, पण घरं अंतरा-अंतरावर, मधे मोकळी पट्टी, छपराला गवत नाही. हंबीरराव शेडमध्ये आले. "तात्याबा, गवंडी तुझ्याबिगर कोन हाय रं आपल्यात? तू उभा ऱ्हा, म्हंजी वाडी उभी ऱ्हाईल."

दुसरा एखादा हे ऐकून फुलला असता. तात्याबाला वाटलं, हा दंड आहे. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? "व्हय सुभेदार," तो म्हणाला.

जागांच्या चिठ्ठ्या टाकल्या. तात्याबाची चिठ्ठी निघाली सातव्या नंबरची, वाडीच्या ऐन मध्ये, पिंपळाच्या पाराजवळ. मग कोणी तरी मागून, अगदी मायेनं म्हणालं, "तात्याबांना वड्याच्या कडंला बरं पडंल. त्यांची जुनी जागा हाय, भावकी शेजारी हाय." हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाले, "तुझ्या मनावर हाय बाबा. चिठ्ठी ती चिठ्ठी."

राहीबाई बायकांतून उठून उभी राहिली. "चिठ्ठीत निघालंय त्येच आमचं."

तात्याबानं मान वर केली. समोर भाऊसो बसलेला, भादरलेल्या डोक्यावर केस अजून आखूडच. आज भांडलो, तर दबलेलं ते वाक्य कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडणार, आणि एकदा पडलं की परत आत जाणार नाही. "वड्याकडंचीच द्या," तो म्हणाला.

त्या दिवशी राहीबाई त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "गुन्हा क्येला न्हाई, तरी शिक्षा मागून घ्येतासा. मी काय म्हनू?"

दोन वर्षं तो बांधत राहिला. पावसाळा सोडून रोज सकाळी ओळंबा घेऊन निघायचा. दगड फोडायला पुरुष, गारा कालवायला बायका. त्यानं हंबीररावांच्या सुनेला दोरी लावायला शिकवली, ती पुढं त्याच्याइतकी सरळ भिंत घ्यायला लागली. भिंती वर आल्या, दारं बसली, बाजारातून नवी भांडी आली. आणि ज्या घराला तात्याबानं कोनाडा करून दिला, त्याच कोनाड्यात त्याच्या चहाचा वेगळा कप आला. पूर्वी होता तिथंच तो कप परत बसला.

भाऊसोचं घर विसावं. त्याच्या भिंती घेताना तात्याबा जास्त जपायचा. एक कोपरा बोटभर बाहेर आला, तर तीन थर उतरवून पुन्हा लावला. भाऊसो दगड आणून टाकायचा आणि पाठ फिरवायचा. मुकादमानं इस्लामपुरात दुसरा गवंडी कधीच घेतला होता. मुलगा महेंद्र साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त कामाला लागलेला, पत्रं धाडायचा, आई-आबा इकडं या. तात्याबा उत्तर द्यायचा, अजून नऊ घरं राहिली. अजून पाच.

९६च्या जानेवारीत वनखात्याचा गार्ड वाडीत आला. नवा होता, गप्पिष्ट. तात्याबाच्या हातचा पाया बघत उभा राहिला आणि सहज बोलून गेला, "तुमचा वणवा लय लांबनं आलेला. पलीकडच्या खोऱ्यात शुक्रवारपासनं पेटलेला. डोंगराची धार वलांडून घळीत उतरला, मग तुमच्यावर आला. आमच्या रजिस्टरात हाय की."

तात्याबाच्या हातातली थापी तशीच राहिली. "रजिस्टरात? ल्हिलेलं?"

"तारखेनिशी."

तो गार्डबरोबर सहा मैल चालत चौकीवर गेला. गार्डनं वाचून दाखवलेलं दोनदा ऐकलं. परत येईपर्यंत दुपार झाली होती. पारावर माणसं बसली होती. तात्याबा समोर जाऊन उभा राहिला. दोन वर्षं घशात अडकलेलं त्यानं एका दमात सांगितलं. राब गुरुवारीच विझला होता, आग धारंवरनं आली, सरकारी कागदावर आहे.

हंबीररावांनी त्याच्याकडं नवलानं बघितलं. "आरं तात्याबा, आमी कवा म्हनलं, तू लावलीस म्हनून?"

"न्हाई बा," दुसरा म्हणाला. "कोन म्हनलं? नाव सांगा."

नाव कोणाचं सांगणार? खरंच कोणी म्हटलं नव्हतं. सगळे मान हलवत होते, चेहऱ्यावर माया होती, एकानं तर सरकून जागाही दिली. तात्याबा उभाच राहिला. आरोप असता तर तो पुसून निघाला असता. नसलेला आरोप पुसायचा कसा? त्याला वाटलं, आपण दोन वर्षं दार शोधत चाचपडलो, आणि आता कळलं, ह्या खोलीला दार ठेवलेलंच नाही.

भाऊसो तेवढा उठून निघून गेला.

एप्रिलमध्ये शेवटचं घर उरलं, तात्याबाचं. ओढ्याच्या कडेला दोघं नवरा-बायको दगड रचत होती. तिसऱ्या दिवशी भाऊसो आला. न बोलता दगड वाहायला लागला. दुपारी राहीबाई भाकरी आणायला गेली, तेव्हा तो तात्याबाकडं न बघता म्हणाला,

"तात्या, त्या दिशी आधी मी गोठ्यात ग्येलो. बैल सोडलं. बा हाका मारत हुता. म्हनलं, आलो, आलो. बैल सोडूस्तवर छप्पर बसलं."

तात्याबानं हातातला दगड खाली ठेवला.

"तुमच्या राबानं झालं म्हनलं की माझं जरा हलकं व्हायचं. तेवढ्यापायी म्हनत ऱ्हायलो. तोंडानं न्हाई, मनात." त्यानं नाक पुसलं. "कुनाला सांगू नगा. बायकोला बी म्हाईत न्हाई."

"न्हाई सांगत," तात्याबा म्हणाला.

दोघांनी मिळून दाराचा उंबरा बसवला. भाऊसोनं राहीबाईच्या हातची भाकरी तिथंच बसून खाल्ली, आणि संध्याकाळी पारावर जाऊन नेहमीच्या जागी बसला. तात्याबाला वाटत होतं, आता तरी छाती मोकळी होईल. झाली नाही. पूर्वी स्वतःचंच न बोललेलं सांभाळायचं होतं, आता त्यात भाऊसोचंही आलं. त्यानं ते राहीबाईलासुद्धा सांगितलं नाही. ती विचारायची, "भाऊसो आला त्यो काय म्हनला?" तो म्हणायचा, "काय न्हाई, दगुड चांगलं हायत म्हनला."

पावसाआधी घर झालं. महेंद्र बायकोला घेऊन आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आबा, आता झालं ना सगळं? चला की साताऱ्याला." राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तात्याबा ओढ्याकडं बघत बसला. कुठलंच घर बाकी नव्हतं, अडवणारं कोणी नव्हतं, तरी होकार तोंडातून निघेना. राहीबाईनं थोडा वेळ वाट बघितली आणि आपलं लुगडं पिशवीत भरलं. नात झाली, तिचं नाव प्रियंका ठेवलं, आणि राहीबाईचं वर्षातलं निम्मं राहणं साताऱ्याला होऊ लागलं.

तात्याबा वरच राहिला. गवताच्या छपरांची भीती आता सगळ्या डोंगराला बसली होती, त्यामुळं आसपासच्या वाड्यांतून त्याला बोलावणी यायची. काम चोख, शब्दाला पक्का. नव्या वाडीत गेला की कोणी तरी त्याची ओळख करून द्यायचं, "ह्यो गवंडी खडकमाचीचा. वणव्यातला." ऐकणारा मान डोलवायचा. त्यात कोणाच्या मनात काही नसायचं. तात्याबा खाली वाकायचा, दोरी ताणायचा आणि पहिला दगड बसवायला घ्यायचा.