साडेनऊ बोटांचं पिस्तूल

आमच्या दाजींच्या जिवाला कुणापासूनही धोका नाही, आणि या गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विजयश्रीअक्काचे यजमान. नाव नवनाथ. रावेतला त्यांचा पाण्याच्या टँकरचा धंदा आहे. एके काळी तिथं त्यांचं शेत होतं. शेत बिल्डरकडे गेलं, त्यावर उंच सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि नदी हाकेच्या अंतरावर असून सोसायट्यांच्या नळाला पाणी येईना. मग दाजींनी उरलेल्या तुकड्यातल्या विहिरीवर मोटर बसवली. आता आपल्याच विहिरीचं पाणी ते आपल्याच शेतात राहायला आलेल्या लोकांना विकतात, आणि वर टँकरच्या पाठीवर 'पाणी जपून वापरा' असं रंगवून घेतात. माणूस वाईट नाही. फक्त मोठं दिसायची हौस दांडगी, आणि त्या हौसेच्या आड एक अर्धं बोट येत होतं.

तरुणपणी दाजी चाकणला एका प्रेसशॉपमध्ये कामाला होते. साच्यात पत्रा ठेवायचा, प्रेस धाडकन खाली येते, पत्र्याचा तुकडा आकार घेऊन बाहेर. एकदा प्रेस खाली आली तेव्हा पत्र्याच्या जोडीला दाजींच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोटही आत होतं. अर्धं गेलं. "मशीनच बिघडलेली व्हती," असं दाजी सांगतात, आणि आम्ही सगळे मान डोलावतो. आपल्या पट्ट्यात गाड्यांचे एवढे सुटे भाग बनतात, त्यात माणसांचेही थोडे सुटले तर कोण मनावर घेतं?

पण लोकांनी घेतलं. दाजींचं नाव पडलं 'साडेनऊ'. कंपनी सुटली, टँकर आले, गळ्यात सोन्याची साखळी आली, नावापुढं शेठ लागलं, तरी पाठ वळली की साडेनऊच. तेव्हापासून दाजींचा उजवा हात कायम खिशात. लग्नात नमस्कार मान हलवून. फोटोत हात खिशात, बॅनरवर हात खिशात. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मभर सुट्टे पैसेच शोधतोय.

पिस्तुलाचं खूळ डोक्यात शिरलं ते धनेशमुळे. धनेश हा दुसरा टँकरवाला. चाकण रस्त्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला बसला की कमरेचं पिस्तूल काढून ताटलीशेजारी ठेवायचा. कमरेला टोचतं म्हणे. परवान्यात हत्यार असं मिरवू नये असं लिहिलेलं असतं, पण परवाना वाचायला घेतो कोण? रस्सा मागितला की वेटर पळत आणून देई. दाजींनी हे पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "पावनं, ज्याच्या कंबरंला पिस्तूल हाय, त्याची बोटं कोन मोजत न्हाई."

म्हणजे एका बोटाची भरपाई पिस्तुलानं करायची. हिशेब त्यांच्या दृष्टीनं चोख होता.

परवान्यासाठी जिवाला धोका दाखवावा लागतो. तिथंच गाडी अडली. पोलीस साहेबांनी विचारलं, कुणी धमकी दिली का? न्हाई. कुणाशी दुष्मनी? न्हाई. भाऊबंदकी? तीही न्हाई, कारण भावकीला पाणी फुकट जातं. दाजी अपमान झाल्यासारखं तोंड करून परत आले. दोन दिवस जेवण गेलं नाही. आपण इतके बिनमहत्त्वाचे आहोत की कुणाला मारावंसंही वाटत नाही, हे त्या माणसाला सहन होईना. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी द्या की एक धमकी. घरातलंच मानूस, जड जायाचं न्हाई."

मी नाही म्हणालो. बहिणीच्या कपाळाचं कुंकू पुसायची धमकी द्यायची आणि दिवाळीला तिच्याच हातच्या करंज्या खायच्या, हे काही जमण्यातलं नव्हतं. पुढं धंद्याची रोकड घेऊन फिरावं लागतं या कारणावर परवाना मिळाला. मधे प्रशिक्षण झालं. तिथं दाजींनी खिशातला हात खिशातच ठेवून डाव्या हातानं गोळी झाडली आणि ती शेजारच्या माणसाच्या निशाण्याला लागली.

परवाना आल्याबरोबर चौकात बॅनर लागला. 'पाणीदार व्यक्तिमत्त्व नवनाथशेठ यांना स्वसंरक्षणार्थ शस्त्र परवाना मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.' मित्रपरिवार म्हणजे मी आणि दोन ड्रायव्हर. आणि हे सगळ्या गावाला ओरडून सांगून झाल्यावर दाजी मला म्हणतात, "पिस्तूल मातर बारकं घ्यायाचं. शर्टाखाली कुनाला कळता कामा नये."

पुण्याला कॅम्पात नूरमोहम्मद चाचांचं बंदुकीचं जुनं दुकान आहे. आम्ही तिघं गेलो. अक्का बरोबर होती, कारण दाजी साधा बनियनसुद्धा तिच्याशिवाय घेत नाहीत. चाचा पिकल्या दाढीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी काचेवर मखमल अंथरली आणि तीन रिकामी पिस्तुलं ठेवली.

पहिलं दाजींनी कमरेला खोचून पाहिलं. त्यांचं पोट मोठं, पिस्तूलही मोठं. दोघांपैकी एकालाच जागा होती. दुसरं खोचून खुर्चीवर बसले आणि बसल्याबरोबर 'आयं' करून उठले. तिसरं तळहाताएवढं होतं. शर्ट खाली ओढला की गायब. दाजी आरशासमोर पुढून, मागून, बाजूनं फिरले. नवी साडी नेसलेली बाईसुद्धा एवढी फिरत नसेल.

"बसलं!" दाजी म्हणाले. "आता चाप बघू."

चाप ओढायचा म्हणजे हात खिशातून काढणं आलं. त्यांनी दुकानाच्या दाराकडे एकदा पाहिलं, मग हात काढला. अर्धं बोट चापापर्यंत पोचेना. मग मधलं बोट घातलं. ओढलं, चाप हलेना. दाजींच्या कपाळाला घाम आला.

"लईच कडक हाय. जरा आरामाचा न्हाई का?"

"शेठ, कडक आहे तेच बरं," चाचा म्हणाले. "माणसाला विचार करायला टाइम मिळतो."

"विचार घरनं करून आलोय. हलकं दावा."

चाचांनी आतून चौथं आणलं. तेवढंच बारकं, चाप मात्र लोण्यासारखा. दाजींनी मधलं बोट टेकवलं न टेकवलं तोच 'टक्' झालं. दाजींचा चेहरा असा उजळला की मला माझ्या सगळ्या टोमण्यांची लाज वाटली. कित्येक वर्षांनी त्या हातानं एक गोष्ट पहिल्या दमात केली होती. त्यांनी पुन्हा ओढला. टक्. पुन्हा. टक्.

आतापर्यंत बाकावर गप्प बसलेली अक्का तेव्हा बोलली. "चाचा, हे चुकून उडतं का वो?"

"ताई, जितकं हलकं तितकं लवकर," चाचा म्हणाले. "आम्ही विकणारे. सांगायचं ते सांगतो."

पुढं गोळ्या भरायची वेळ आली. मॅगझिनची स्प्रिंग घट्ट असते, गोळी अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं दाबून बसवावी लागते. दाजींना ते जमेना. त्यात नवल नव्हतं. त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण अक्का लावते, सुईत दोरा अक्का ओवते, औषधाची गोळी पाकिटातून अक्का काढून देते. ही गोळीही तिच्याकडेच आली. चाचांनी तिला कशी भरायची, कशी काढायची, हत्यार तयार कसं करायचं ते दाखवलं. तिनं करंजीचं सारण विचारावं तसं दोनदा विचारून घेतलं.

झालं. रोज सकाळी अक्का पिस्तूल स्वयंपाकघरात नेई, डब्याबरोबर तयार करून आणून देई. "भरलंय," म्हणे. दाजी शर्टाखाली खोचून टँकर पॉइंटवर जाऊन बसत.

आणि कुणालाच कळेना! बारकं आणि लपणारं पिस्तूल घेतल्यावर ते लपेल, हा विचार दाजींनी केलाच नव्हता. मग ते हवा खाल्ल्यासारखा शर्ट वर करू लागले. एका ड्रायव्हरनं काळजीनं विचारलं, "शेठ, पोटात दुखतंय का?"

शेवटी एका दुपारी मला घेऊन ते थेट धनेशच्या हॉटेलात गेले. धनेश मिसळीवर होता, पिस्तूल टेबलावर. दाजी समोर बसले, मी त्यांच्या शेजारी. दाजींनी आपलं काढलं आणि त्याच्या पिस्तुलाशेजारी ठेवलं. त्या धुडाशेजारी ते लायटरसारखं दिसत होतं.

धनेशनं पाव मोडता मोडता पाहिलं. "भारी हाय राव. पर साडेनऊ, तुला चालवता येतं का? का त्याला बी मानूस ठेवलायस?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. दाजींचे कान लाल झाले. तोंडावर साडेनऊ म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. "चला पावनं," म्हणत त्यांनी रागानं पिस्तूल उचललं. उचललं ते उजव्या हातानं, नेहमीच्या सवयीनं मधलं बोट चापावर, आणि उठता उठता नळी फिरली ती नेमकी माझ्या पोटावर.

टक्.

मी खाली पाहिलं. पोट जागेवर होतं. हॉटेलात कुणी घासही गिळला नाही. धनेश टेबलाखाली गेला होता. दाजींना ते पिस्तूल खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. मी घाबरलो होतो. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं आणि त्यांच्या मुस्काटात मारावीशीही वाटत होती. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि गाडीत बसवून घरी आणलं. वाटेत एकच वाक्य दाजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "भरलेलं व्हतं. भरलेलं व्हतं, पावनं."

घरी अक्का मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मेथी बाजूला ठेवली, फळीवरचा हुलग्याचा डबा काढला, हुलग्यात हात घातला आणि गोळ्या काढून ओट्यावर ठेवल्या. सगळ्या. एकही गोळी कधी पिस्तुलात गेलीच नव्हती.

"रोज भरलंय म्हनत व्हतीस!" दाजींचा आवाज फुटला.

"डब्यात जेवन भरलंय म्हनत व्हते."

मग ती माझ्याकडे वळली. "तुला ठावं न्हाई म्हनून सांगते. यांची प्रेस बिघडलेली न्हवती. तिला दोन बटनं व्हती. दोनी हातांनी दाबल्याबिगर ती खाली येत न्हवती, म्हंजी हात भायेर ऱ्हावं. यांना ते जड वाटायचं. यांनी एका बटनात आइस्क्रीमची काडी ठोकून ठिवली. मग एका हातानं काम, आरामात. साऱ्या लाइनीला शिकिवलं. सायेबानं पाठ थोपटली."

"आगं, पुरं आता," दाजी म्हणाले.

"ते बोट रुमालात गुंडाळून दवाखान्यात मी नेलं. डॉक्टर म्हनला, आता बसायचं न्हाई." तिनं दाजींकडे पाहिलं. "दुकानात तुमी पुन्यांदा आरामाचंच मागितलं. आज मी गोळ्या घातल्या असत्या, तर ह्याचं काय रुमालात आनलं असतं मी?"

दाजी ओट्याला टेकून उभे होते. अक्कानं हुलग्याचा डबा झाकण लावून पुन्हा फळीवर ठेवला आणि चहा टाकला.

महिनाभरात महापालिकेची निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस चौकीत जमा करावी लागतात. धनेशनं कुरकुरत जमा केलं. दाजी सगळ्यांच्या आधी जाऊन देऊन आले. निकाल लागले, गुलाल उधळून झाला, धनेश दुसऱ्या दिवशी जाऊन आपलं सोडवून आला. दाजींना अजून वेळ मिळालेला नाही. टँकरची फार गडबड आहे, म्हणतात. कुणी विचारलंच तर कमरेवर थाप मारून सांगतात, "बारकं हाय, दिसत न्हाई." आणि लोकांचा आता पक्का विश्वास बसलाय. नसलेलं पिस्तूल इतकं छान लपतं, हे आधी कळलं असतं तर कॅम्पापर्यंतचा हेलपाटा तरी वाचला असता.

परवा मी टँकर पॉइंटवर बसलो होतो. वाकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या नव्या चेअरमन, योगिनी मॅडम, गाडीतून उतरल्या. हातात मोबाइल. त्यांच्या वॉचमननं जे नाव सांगितलं तेच त्यांनी बिचाऱ्यांनी नंबरापुढं लिहून घेतलं होतं.

"नमस्कार," त्या अगदी अदबीनं म्हणाल्या, "इथं साडेनऊशेठ कोण आहेत?"

ड्रायव्हर लोकांनी माना खाली घातल्या. मी दाजींकडे पाहायचं टाळलं. दाजी खुर्चीतून सावकाश उठले. उजवा हात खिशातून काढला, डाव्याला जोडला आणि बाईंना चांगला समोरून नमस्कार केला.

"मीच," दाजी म्हणाले. "बोला मॅडम, किती टँकर पाठवू?"